आईच्या रेडिओची खरखर: आधी रेडिओ खोलू नका, आधी पंख्याचा रेग्युलेटर बघा

आमच्याकडे हा प्रॉब्लेम दरवर्षी येतो. उन्हाळ्यात रेडिओ बरा चालतो, पाऊस लागला की खरखर, मग मी काहीतरी करतो, थोडे दिवस बरं, परत खरखर. तीन वर्षांत दोन रेडिओ बदलले, एक मेकॅनिककडे पडून आहे तो आहेच, आणि शेवटी कळलं की तिन्ही रेडिओ ठणठणीत होते. म्हणून हे लिहितोय, कुणाचे तरी पैसे वाचतील.

घर पाटणच्या बाजूला, कोयनेच्या खोऱ्यात, तिन्ही अंगांनी डोंगर. आई सकाळी पाचला उठते आणि आकाशवाणीचं पुणे केंद्र लावते, मिडीयम वेव्ह ७९२ किलोहर्ट्झ. प्रादेशिक बातम्या, शेतीचं, मग जे लागेल ते. ती ५२ सालची, पुणे केंद्र ५३ सालचं, त्यामुळे दोघींचं जमतं. पोरगा म्हणतो आजीला मोबाईलवर ॲप टाकून दे, न्यूज ऑन एअरवर सगळी केंद्रं येतात. येतात की, पण आमच्या स्वयंपाकघरात एक दांडी नेटवर्क, आणि आईला पिठाच्या हाताने फिरवता येईल असं बटण पाहिजे. तो विषय संपला.

आता पहिली गोष्ट, जी मला स्वतःला पन्नाशीत कळली आणि लाज वाटली. रेडिओची ती ओढून लांब करायची एरियल असते ना, मिडीयम वेव्हला तिचा काही उपयोग नाही! ती एफएमसाठी आणि शॉर्टवेव्हसाठी. मिडीयम वेव्हची एरियल रेडिओच्या पोटात असते, काळा फेराइटचा रॉड, त्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. हा रॉड बहुतेक रेडिओत आडवा, वरच्या बाजूला, रेडिओच्या लांबीला धरून बसवलेला असतो. आणि त्याला दिशा असते. रॉडच्या टोकाकडून येणारं स्टेशन त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही, कुशीकडून येणारं सगळ्यात छान येतं. म्हणजे रेडिओचं तोंड किंवा पाठ स्टेशनकडे पाहिजे, कड नको. आम्ही वर्षानुवर्षं एरियल वर कर, खाली कर, तिला ॲल्युमिनियमचा तुकडा लाव असले प्रकार करत होतो आणि रेडिओ मात्र फळीवर जसा बसेल तसा, कडेने स्टेशनकडे.

पुण्याचं ट्रान्समिटर हडपसरला आहे (पीएमपीने जाणाऱ्यांना माहीत असेल, सोलापूर रोडवर आकाशवाणी नावाचा स्टॉपच आहे). आमच्या घरापासून ते जवळपास सरळ उत्तरेला पडतं, हवेतून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे रेडिओ पूर्व-पश्चिम आडवा ठेवायचा. सांगली १२५१ वर ऐकायचो तेव्हा तीच पोझिशन चालायची नाही, सांगली आमच्या आग्नेयेला, तिच्यासाठी रेडिओ तिरका करावा लागायचा. हे कळल्यावर मी टेबलावर खडूने रेघ मारून दिली, रेडिओ या रेघेला धरून ठेवायचा. आईने दुसऱ्या दिवशी टेबल पुसलं, रेघ गेली. मग ऑइलपेंटने मारली.

तुम्हाला दिशा माहीत नसेल तरी चालतं. स्टेशन लावा, रेडिओ हातात धरून हळूहळू स्वतःभोवती फिरा. आवाज मोठा कुठे होतो ते नीट कळत नाही, पण बारीक कुठे होतो ते एकदम कळतं, अगदी अरुंद जागा असते ती. ती सापडली की तिथून काटकोनात वळा. झालं.

जागा पण महत्त्वाची. लोखंडी कपाट, फ्रीजचा माथा, पत्र्याच्या छपराखालची फळी, या तिन्ही वाईट जागा, आणि लोक रेडिओ नेमका तिथेच ठेवतात. स्लॅबचं घर असेल तर आत सळयांचा पिंजरा असतो, खिडकीजवळ न्या, फरक दिसेल.

एवढं करून स्टेशन जोरात येतंय पण मागे घुंईं किंवा खर्रर्र आहे, मग हा दुसरा आजार. सिग्नल कमी नाही, गोंगाट जास्त आहे. हे दोन वेगळे आहेत आणि निम्मे लोक इथेच फसतात, मी पण. गोंगाट जास्त असताना एरियल मोठी केली तर गोंगाट पण मोठा होतो.

कुठून येतोय हे शोधायची पद्धत सोपी आहे. आधी रेडिओ सेलवर चालवा, मोबाईलच्या चार्जरवर नको. स्वस्तातला चार्जर स्वतःच एवढी कचकच करतो की त्यावर रेडिओ लावून खरखर शोधणं म्हणजे काखेत कळसा. लाईटवर चालवायचाच असेल तर जुन्या पद्धतीचा एलिमिनेटर शोधा, हातात घेतल्यावर जड लागतो तो, आत ट्रान्सफॉर्मर असतो, तो गप्प असतो. आणि सेल नवे टाका. सेल उतरले की आवाज फाटतो, स्टेशन सरकतं, आणि माणूस बिचाऱ्या आकाशवाणीला शिव्या देतो.

मग काटा दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर आणा, जिथे नुसती खरखर आहे, आणि घरातला मेन स्विच पाडा. खरखर गेली? चोर घरात आहे. नाही गेली? चोर बाहेर. घरात असेल तर एकेक एमसीबी चालू करत जा, एक माणूस बोर्डाशी, एक रेडिओशी, "आता?" "नाय." "आता?" "हां हां, आली आली!" आमच्याकडे हा खेळ रविवारी सकाळी झाला, घरातले सगळे वैतागले पण तासाभरात तीन चोर सापडले.

पहिला चोर, पंख्याचा रेग्युलेटर. हा सगळ्यांनी लक्षात ठेवा. गोल फिरणारा, हळूहळू स्पीड वाढवणारा जो इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो, तो करंटचे प्रत्येक सायकलमध्ये तुकडे करतो, ५० सायकलची लाईट म्हणजे सेकंदाला १०० वेळा कापाकापी, आणि प्रत्येक कापायला रेडिओत एक खट. सगळे खट मिळून घर्रर्र. त्याची ओळख अशी की पंखा मधल्या स्पीडला असताना घरघर जास्त आणि फुल केला की जवळजवळ नाहीशी. आमच्याकडे अगदी तसंच होतं आणि आई म्हणायची, "उकडायला लागलं की रेडिओ चांगला लागतो", आम्ही हसायचो. ती बरोबर होती! उकडलं की पंखा फुल. टकटक करत १-२-३-४ असा स्टेपने फिरणारा रेग्युलेटर घ्या, त्यात कंडेन्सर असतात, तो आवाज करत नाही. बदलायला इलेक्ट्रिशियनला दहा मिनिटं लागली.

दुसरा चोर, स्वयंपाकघरातली एलईडी ट्यूब. सगळ्याच एलईडी वाईट नसतात हे आधी सांगतो, नाहीतर लोक पिवळे बल्ब शोधायला निघतील. एलईडीच्या आत विजेचं रूपांतर करणारा छोटा ड्रायव्हर असतो, तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. चांगल्या ट्यूबमध्ये त्याचा गोंगाट अडवायला दोन-तीन पार्ट जास्त टाकलेले असतात, स्वस्तातल्या ट्यूबमध्ये तेच पार्ट गाळलेले असतात कारण उजेड त्यांच्यावाचूनही पडतो. विकत घेताना कसं ओळखायचं तर, लहान रेडिओ खिशात घालून दुकानात जा. मी गेलो. दुकानदाराने वेड्यात काढलं, पण चार ट्यूब लावून दाखवल्या, त्यातल्या दोन बोंबलत होत्या, एक किरकोळ, एक गप्प. गप्प असलेली घेतली.

तिसरा देवघरातला. रात्रंदिवस जळणारा एलईडीचा दिवा, अंगठ्याएवढा अडॅप्टर असलेला. तो काढायचा म्हणजे आईचा प्रश्न आला. पण बातम्या की दिवा असं विचारल्यावर तिने दोन मिनिटं विचार केला आणि तेलाचा दिवा लावायला घेतला. अडॅप्टर अजून ड्रॉवरमध्ये आहे.

एखादी वस्तू बदलता येत नसेल, समजा सेटटॉप बॉक्स, तर त्याची वायर फेराइटच्या रिंगमधून गुंडाळतात. इथे एक गंमत आहे. लॅपटॉपच्या वायरवर असतो तसा काळा गट्टू विकत मिळतो, क्लिप करायचा, आणि लोक सांगतात की लावला की काम झालं. एफएमला थोडाफार होतो उपयोग. मिडीयम वेव्हला वायर एकदाच आतून गेली तर काही म्हणजे काही फरक पडत नाही, सात-आठ वेढे द्यावे लागतात, त्यासाठी मोठी रिंग पाहिजे. भंगारवाल्याकडे जुन्या डब्बा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या मानेवरचं योक मिळतं, त्यातली काळी रिंग फेराइटचीच असते, तारा सोलून काढायच्या. मी तीच वापरली, जेमतेम निम्मा फरक पडला. खरं सांगायचं तर त्यापेक्षा रेडिओ बॉक्सपासून दोन-तीन मीटर लांब नेल्याने जास्त फरक पडला, घरातल्या असल्या वस्तूंचा गोंगाट अंतराने फार पटकन मरतो.

मध्येच एक सांगून टाकतो. खरखर फक्त आवाजाचं बटण फिरवतानाच येत असेल तर हे सगळं विसरा, तो व्हॉल्यूम कंट्रोल झिजलाय किंवा त्यात धूळ गेलीय, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस वेळा फिरवणे. आणि रेडिओ पडल्यापासून मिडीयम वेव्ह एकदम मेलंय, एफएम मात्र चांगलं येतंय, असं असेल तर उघडून तो रॉड बघा, तुटलेला असतो नाहीतर त्यावरची कॉइल सरकलेली असते किंवा केसासारखी तार तुटलेली असते. कॉइल हळू सरकवून जिथे आवाज भरतो तिथे मेणबत्तीच्या मेणाचा थेंब टाकून पक्की करायची, जुने मेकॅनिक तेच करायचे.

तर तीन चोर पकडून मार्च ते जून मजेत गेले. आणि जुलैच्या शेवटी परत सुरू. पण या वेळचा आवाज वेगळा. खरखर नाही, घरघर नाही, टक... टक... टक... घड्याळासारखा, सेकंदाला एक. मेन पाडला तरी टक टक चालूच. म्हणजे बाहेरचा.

इथे आईने जे केलं ते मला सुचलं नसतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती दुधाच्या नोंदी करते, अर्धा लिटर, एक लिटर, खाडा. त्याच चौकोनात तिने टकटकीची वेळ लिहायला सुरुवात केली. "सं. ७ सुरू", "७। सुरू" (म्हणजे सव्वासातला), "पहाटे ६ बंद", एका दिवशी "नाही". पंधरा दिवसांनी बघितलं तर चित्र स्वच्छ होतं, अंधार पडला की चालू, उजाडलं की बंद. आणि ज्या दिवशी "नाही" होतं त्या दिवशी आबा तालुक्याला लग्नाला गेलेले.

आबा म्हणजे आमचे चुलते, शेत आमच्या घराला लागून, आणि त्यात भुईमूग. आमच्याकडे रानडुकरं आणि गवे रात्रीत वावर साफ करतात, म्हणून आता बांधाबांधाला झटका मशीन असतं. बॅटरीवर चालतं, सोलरवर चार्ज होतं, तारेत दर सेकंदाला एक झटका सोडतं, काही हजार व्होल्टचा पण क्षणभराचा, जनावर मरत नाही, दचकून पळतं. तार नीट असेल तर रेडिओत त्याचा फार आवाज येत नाही. पण पावसात गवत वाढतं, तारेला टेकतं, किंवा खांबावरचा प्लास्टिकचा इन्सुलेटर तडकतो, किंवा तारेला नुसता पीळ देऊन जोडलेला सांधा गंजतो, आणि मग प्रत्येक झटक्याला तिथे ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे लहानसं रेडिओ स्टेशनच. आणि तार शेताला वेढा घालून बसलेली, म्हणजे त्या स्टेशनला एरियल पण आयती.

रात्री आठ वाजता रेडिओ घेऊन बांधावर गेलो. तीच युक्ती उलटी, या वेळी स्टेशन नाही, टकटक कुठे बारीक होते ते बघायचं, रॉडचं टोक चोराकडे. नुसती तारेची लाईन सगळीकडून येते म्हणून दिशा नीट लागत नव्हती, पण तारेच्या कडेने चालत गेल्यावर (हात लावायचा नाही, सांगायला नको) चिंचेपाशी टक एकदम ठणका झाला. हातातला टॉर्च बंद करून अंधारात उभा राहिलो तर दिसलंच, ओल्या गवताच्या पात्याशी निळी ठिणगी, चट, चट, चट.

आबांना सांगायला गेलो. "आबा, तुमच्या मशीनमुळे आईचा रेडिओ वाजत नाही."

"मग मी काय करू, डुकरं येऊ देऊ का भुईमुगात?"

"बंद नका करू हो, चिंचेखालचं गवत काढा तेवढं. ठिणगी पडतेय तिथे. तुमची बॅटरी पण उगाच उतरते, पुढच्या तारेला झटका कमी जातो."

बॅटरी उतरते म्हटल्यावर आबा उठले. दुसऱ्या दिवशी मशीन बंद करून गवत कापलं, दोन तडकलेले इन्सुलेटर बदलले, गंजलेला सांधा खरवडून नट-बोल्टने आवळला. त्या रात्री टकटक गेली म्हणजे शंभर टक्के नाही गेली, कान लावला तर ऐकू येते, पण बातम्या चालू असताना जाणवत नाही. आणि मशीनचा झटका आधीपेक्षा जोरात लागतो असं आबा म्हणतात, स्वतःवर अनुभव घेऊन. दरवर्षी का होतं याचं उत्तर एवढंच, दरवर्षी गवत वाढतं. आता आषाढात एकदा आणि श्रावणात एकदा विळा घेऊन मीच जातो.

बाहेरचा गोंगाट टकटक नसून सलग चरचर असेल, दमट हवेत वाढत असेल आणि खांबाजवळ गेल्यावर मोठा होत असेल तर लाईनवरचा इन्सुलेटर किंवा ढिला जंपर (खांबावर तारा जोडणारा तुकडा) असू शकतो. ते आपण हात लावायचं काम नाही, खांबाचा नंबर घेऊन वायरमनला सांगायचं. खांबाला काठीने ठोकून बघणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून नका.

आता ज्यांचं स्टेशन खरंच लांब आहे, गोंगाट नाही पण आवाजच बारीक, त्यांच्यासाठी. लांब तार लावायची जुनी पद्धत चालते: पाच-सहा मीटर प्लास्टिकची वायर, एक टोक बाहेर झाडाला, दुसरं टोक रेडिओच्या आतल्या रॉडच्या जागी बाहेरून चार-पाच वेढे गुंडाळून. आत काही जोडायचं नाही. लाईटच्या तारेच्या आसपास ही वायर न्यायची नाही, आणि वळवाचा पाऊस येताना दिसला की काढून घराबाहेर टाकायची. पण ही तार गोंगाट पण गोळा करते, म्हणून मला चौकटीची एरियल जास्त आवडते.

चौकट म्हणजे लाकडाच्या दोन पट्ट्या अधिक चिन्हासारख्या ठोकायच्या, प्रत्येकी ८५ सेंटीमीटर, म्हणजे टोकांवरून तार फिरवली की साधारण ६० सेंटीमीटर बाजूचा चौकोन होतो. त्यावर बारीक प्लास्टिकची वायर दहा वेढे, दोन वेढ्यांमध्ये पाचेक मिलिमीटर जागा, एकूण पंचवीस मीटर वायर लागते. दोन टोकं जुन्या रेडिओतल्या गँगला जोडायची, गँग म्हणजे ते पात्यापात्यांचं फिरणारं, ज्याने स्टेशन बदलायचं. एक टोक त्याच्या बॉडीला, दुसरं न फिरणाऱ्या पात्यांना. ५०० पिकोफॅरडच्या आसपासचा गँग असेल तर खाली मुंबईच्या ५५८ पर्यंत पोचता येतं. सेल नाही, सर्किट नाही, रेडिओला वायर जोडायची पण नाही! चौकट उभी करायची, तिची कड स्टेशनकडे (आमची उत्तर-दक्षिण), रेडिओ तिच्या मध्याजवळ असा ठेवायचा की आतला रॉड चौकटीतून आरपार जाईल अशा दिशेत राहील. रेडिओवर ७९२ लावा आणि गँग हळूहळू फिरवा. एका जागी निवेदिकेचा आवाज असा फुगून वर येतो की पहिल्यांदा मी दचकून हात काढला होता. पोरगा म्हणाला सेल नसताना हे कसं काय, मी म्हटलं झोपाळ्याला योग्य वेळी बोटाने ढकललं तरी तो चढत जातो ना, तसं.

रात्रीचं एक वेगळंच असतं. सूर्य मावळला की मिडीयम वेव्हवर लांबलांबची स्टेशनं यायला लागतात, कारण दिवसा या लहरी शोषून घेणारा वातावरणाचा वरचा थर अंधारात विरतो आणि त्याच्याही वरच्या थरावर आपटून लहरी शेकडो किलोमीटर लांब उतरतात. त्यामुळे आपल्या स्टेशनखाली दुसरीच भाषा ऐकू येते, आवाज लाटेसारखा वरखाली होतो. हा रेडिओचा दोष नाही आणि याला औषध नाही, फार तर रेडिओ थोडा वळवून परक्या स्टेशनच्या दिशेला रॉडचं टोक करायचं.

एफएमवाल्यांसाठी थोडक्यात, कारण आमच्याकडे ते नीट येतच नाही. एफएम सरळ रेषेत जातं, मध्ये डोंगर आला की संपलं, साताऱ्याचं १०३.१ मला घरी लागत नाही आणि वर खिंडीत गेलं की गाडीत खणखणीत लागतं. शहरात प्रॉब्लेम उलटा. बहीण पुण्यात चौथ्या मजल्यावर, चारी बाजूला बिल्डिंगा, तिथे सिग्नल भरपूर पण भिंतींवर आपटून दोन-तीन वाटांनी येतो आणि स स करत फाटतो. तिथे रेडिओ हातभर सरकवला तरी चित्र बदलतं, कारण या लहरीची लांबीच तीन मीटर. एरियल पाऊण मीटर उघडायची, उभी-आडवी करून बघायची, आणि स्टिरिओ-मोनोचं बटण असेल तर मोनो करायचं, निम्मी खरखर तिथेच जाते. मागे एरियलचे दोन स्क्रू असलेला जुना सेट असेल तर साध्या दोन पदरी वायरचं टोक ७० सेंटीमीटर फाडून दोन्ही पदर टी सारखे पसरायचे, दुसरं टोक स्क्रूंना, आणि पडद्याच्या दांडीवर चिकटपट्टीने चिकटवायचं. तिच्याकडे पडदा धुवायला काढला की विविध भारती जातं, म्हणून मला फोन येतो.

आमची चौकट सध्या माजघरात खुंटीला आहे. आईने तिच्या एका टोकाला चष्म्याची दोरी अडकवलीय आणि गँगच्या बटणावर ७९२ ची खूण म्हणून कुंकवाचा ठिपका लावलाय. मागच्या आठवड्यात आबांनी दुसरं मशीन आणलंय, ओढ्याकडच्या तुकड्याला. अजून टकटक नाही, पण कॅलेंडरवर नोंद चालू आहे.